कात्रीआधीचा प्रश्न

आबांच्या दुकानात कापड कापण्याआधी विचारण्याची रीत होती. कापणारा खडूच्या रेघा पुऱ्या करी, कात्री उघडी, तिचं खालचं पातं कापडाखाली सरकवी आणि थांबे. ज्याच्या अंगावर ते कापड चढायचं, त्याच्या डोळ्यांत बघून विचारी, "कापू?" समोरच्यानं तोंडानं म्हणायचं, "कापा." नुसती मान हलवलेली चालत नसे. हसून दुसरीकडे पाहिलेलं चालत नसे. आईनं मुलीसाठी, नवऱ्यानं बायकोसाठी, मुलानं म्हाताऱ्या बापासाठी सांगितलेलं तर मुळीच चालत नसे. गिऱ्हाइकं वैतागत. "मास्तर, कोटाचं कापड आहे, माझी किडनी नव्हे," असं एका वकिलानं ऐकवलं, तेव्हा आबांनी शांतपणे कापडाची घडी घातली, ती वकिलाच्या हातात दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

ही रीत एका चुकीतून जन्मली होती आणि ती चूक घरातल्या प्रत्येक पोराला पाढ्यासारखी पाठ होती. आबा तरुण असताना एक जोडपं दुकानात आलं. बाईच्या हातात तिच्या वारलेल्या आईनं जपून ठेवलेलं कापड होतं. नवरा बोलका. गळा असा, बाही तशी, सगळं त्यानंच सांगितलं आणि शेवटी म्हणाला, कापा. बाई शेजारी गप्प उभी होती. आबांनी कापलं. कात्रीचा आवाज थांबला तशी ती बाई फरशीवर खाली बसली. रडली नाही, भांडली नाही. दोन तुकडे मांडीवर घेऊन त्यांच्या कडा पुन्हा जुळतात का, ते बोटांनी बघत राहिली. त्यानंतर आबांनी गप्प माणसाचं कापड कधी कापलं नाही.

आज त्याच टेबलावर गुंडीच्या लग्नाचं मोतिया रेशीम पसरलं होतं, आणि गुंडी गप्प होती.

गुंडी आबांच्या थोरल्या मुलाची, म्हणजे दादाची, थोरली मुलगी. रांगायच्या वयात दुकानातल्या गुंड्या तोंडात घालायची, म्हणून हे नाव पडलं आणि मोठेपणीही सुटलं नाही. आता ती शहराच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत होती. टेबलाच्या टोकाशी, इस्त्रीच्या फळीला पाठ टेकून ती उभी होती, दुसऱ्या कुणाच्या तरी कामासाठी बोलावल्यासारखी.

दुकानाचं शटर सुट्टीमुळे अर्धं खाली होतं. त्याच्या खालून येणारा उन्हाचा पट्टा फरशीवरच्या चिंध्यांपर्यंत पोचून थांबला होता. घरातल्या लग्नाचं कापड सगळ्यांदेखत कापायचं, हा या कुटुंबाचा शिरस्ता. त्यामुळे वरच्या मजल्यावरचं सगळं घर खाली उतरलं होतं. आबा भिंतीलगतच्या खुर्चीत, बरा कान टेबलाकडे करून. दादा शिवणयंत्राच्या स्टुलावर, हात छातीवर बांधून. गुंडीची आई, म्हणजे वहिनी, तिच्या अगदी जवळ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आणि दादाचा धाकटा भाऊ, मुलांचा काका, दुकानाचा काउंटर सांभाळणारा आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारा, सगळ्यांच्या मध्ये. हे स्थळ त्यानंच आणलं होतं. चष्मेवाल्यांचा मुलगा. काका त्याच्या कौतुकात मागे हटत नव्हता. मुलगा इतका साधा आहे, त्यानं सांगितलं, की वाटेत मुंगी आली तर तिलाही 'जरा सरकता का' म्हणेल. शिवाय घरातल्या सगळ्यांच्या नजरा फुकटात सुधारतील.

वहिनी हसली. दादा हसला. कापणाऱ्या आत्याला हसू आलं नाही.

आत्या म्हणजे दादाची धाकटी बहीण, दुकानाची कटिंग मास्तर. सासर सोडून ती परत आली त्याला आता गुंडीच्या वयाइतका काळ लोटला होता. परत आली तेव्हा आबांनी तिला काही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एक जड, काळ्या मुठीची कात्री तिच्यापुढे ठेवली होती. तेव्हापासून ती कात्री तिची. शिंप्याच्या दुकानात दुसऱ्याच्या कात्रीला हात लावत नाहीत, कारण पातं धन्याच्या हाताला सरावलेलं असतं. या घरात तिच्या मालकीची म्हणावी अशी ती एकच वस्तू होती, आणि तिलाही ते ठाऊक होतं, इतरांनाही.

ती खडूनं रेघा ओढत होती. रेशमावर खडू टेकवायचा म्हणजे मनगट हलकं लागतं. आज मनगट हलकं नव्हतं.

गुंडी हो म्हणाली आहे, हे वाक्य गेले कित्येक दिवस या घरात जिन्याच्या कठड्यासारखं झालं होतं. जो तो त्याला धरून वर-खाली करत होता. वहिनी शेजारणींना तेच सांगत होती, काका चष्मेवाल्यांना, दादा स्वतःला. पण तो होकार कसा निघाला, ते आत्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. आधी गुंडीनं सरळ सांगितलं होतं की तिला हे लग्न करायचं नाही, हा मुलगा वाईट आहे म्हणून नव्हे, तर तिला नको आहे म्हणून. त्यावर कुणी आवाज चढवला नाही. दादानं तिच्याशी बोलणं बंद केलं. ताट वाढताना, जिन्यात समोर आल्यावर, एकाच खोलीत बसल्यावरसुद्धा त्याची नजर तिच्यातून आरपार जाई. काकानं प्रयोगशाळेत फोन करून कळवलं की मुलगी आजारी आहे, बरी झाली की येईल. तिचा मोबाइल आणि तिचे बाहेर जायचे बूट वहिनीच्या कपाटात गेले. काळजीपोटी, डोकं शांत व्हावं म्हणून. आणि मग वहिनीनं जेवण सोडलं. रोज सगळ्यांना वाढायचं, गुंडीसमोर रिकामं ताट घेऊन बसायचं आणि उठायचं. एका सकाळी ती न्हाणीघराच्या दारात भोवळ येऊन पडली. दादा त्या दिवशी मुलीशी पहिल्यांदा बोलला. "हिचं काही बरंवाईट झालं तर ते तुझ्यामुळे," एवढंच. संध्याकाळी गुंडी हो म्हणाली. वहिनी जेवली. घरात सगळ्यांचा आवाज परत आला, जणू मधले दिवस कुणी कात्रीनं कापून टाकले होते.

चष्मेवाले आले तेव्हा मुलानं सर्वांदेखत विचारलं होतं, "तुमची काही हरकत नाही ना?" गुंडीनं मान हलवली होती. विचारणारा सभ्य होता, आवाज मऊ होता, आणि प्रश्न असा शिवलेला होता की त्यात एकच उत्तर मावावं. काका आजही ते सांगत होता. मुलानं स्वतः विचारलं, आजकाल कोण विचारतं.

आणि माप घ्यायचा तो दिवस. गुंडीचं अंग आत्याच्या हातांना पाठ होतं. तिच्या पहिल्या झबल्यापासून नोकरीच्या पहिल्या दिवशी घातलेल्या कोटापर्यंत सगळं याच हातांनी कापलं होतं. टेप छातीभोवती नेली की आत्या नेहमी म्हणायची, श्वास सोड. श्वास सुटला की माप खरं. त्या दिवशी गुंडीनं श्वास सोडलाच नाही. वहिनी दारात उभी होती. टेप गेल्या वेळेपेक्षा दोन बोटं जास्त आत गेली होती, खांद्याची हाडं तिच्याखाली टोचत होती, आणि मुलगी अंग आत आखडून, पाण्यात बुडी मारून राहावं तशी श्वास धरून उभी होती. वहिनी पाणी आणायला वळली तेवढ्यात गुंडी हलक्या आवाजात म्हणाली, "आत्या, तू काही बोलू नकोस. आई परत जेवणार नाही."

आत्यानं विचारलं, तुला काय हवंय ते तरी सांग.

"आमच्या प्रयोगशाळेत पाणी नितळ दिसतं म्हणून कुणी पास करत नाही," गुंडी म्हणाली. आणि वहिनी आली.

तेव्हापासून आत्याच्या हातात ते खोटं माप होतं. धरलेल्या श्वासाचं माप. त्यावर बेतलेला पोशाख ती मुलगी पहिल्यांदा मोकळा श्वास घेईल तेव्हा शिवणीत उसवेल, हे कापणाऱ्याला कळतं. आणि कळूनही आज ती त्याच मापाच्या रेघा ओढत होती. ओढता ओढता खडू जास्तच दाबला जात होता. आधी तिला ते दुःख वाटलं. शेवटची रेघ पुरी झाली तेव्हा तिला समजलं की तो राग आहे, आणि तो आजचा नाही.

तिनं खडू ठेवला. कात्री उघडली. खालचं पातं रेशमाखाली सरकवलं, थंड धातू कापडाखालून पुढे गेला, आणि ती थांबली. मान वर करून तिनं टेबलाच्या टोकाकडे पाहिलं.

"गुंडी, कापू?"

कुणालाच आधी काही वाटलं नाही; हा प्रश्न या भिंतींनी हजारदा ऐकला होता. काकानं तर हसून घेतलं, म्हणाला, घरच्या माणसालाही दुकानाचा कायदा लावणार का ताई, मग पावतीही फाड. वहिनी लेकीच्या दंडाला हळूच स्पर्श करून म्हणाली, "कापा ताई. लाजतेय ती."

आत्यानं वहिनीकडे पाहिलं नाही. ती गुंडीकडेच पाहत राहिली. गुंडी आईच्या कमरेच्या किल्ल्यांकडे पाहत होती.

"मी सांगतो," दादा स्टुलावरून म्हणाला. "काप."

"घालणार कोण आहे दादा? तू?"

आबांच्या खुर्चीकडून खाकरल्याचा आवाज आला. शटरखालच्या उन्हात कुणाच्या तरी पायांच्या सावल्या येऊन गेल्या. गुंडीचे ओठ हलले, बंद झाले. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. आत्यानं पातं कापडाखालून मागे ओढलं, कात्री मिटली आणि टेबलावर ठेवली. त्या मिटण्याचा आवाज कापण्याच्या आवाजापेक्षा मोठा वाटला.

मग सगळे एकदम बोलू लागले. वहिनी म्हणाली, शुभ कामात हे काय भलतंच. काकाचं म्हणणं पडलं की मुलगी एकदा हो म्हणाली म्हणजे म्हणाली, दर पावलाला परत परत विचारायला ही काही अदालत नाही. दादानं सगळ्यांना हातानं गप्प केलं. तो रागावला की हळू बोलत असे.

"इथे तिच्यावर कुणी जबरदस्ती केलीय का? मारलं? कोंडलं? एक बोट तरी लावलं का कुणी?"

"लावायला लागलंच नाही," आत्या म्हणाली. "बोट लावलं असतं तर वळ उठला असता, तिला दाखवता आला असता. तुम्ही तिला आईचा जीव हातात दिलात आणि म्हणालात, हा घे, आता ठरव. तिचे बूट कुठे आहेत, दादा? मोबाइल? तिच्या नोकरीवर ती आजारी आहे असं कुणी कळवलं? ती भीतीनं हो म्हणाली, आणि तुम्ही त्याला होकार म्हणता. दुकानात कुणी असं हो म्हणालं असतं तर तू स्वतः कापलं नसतंस."

"लेकराच्या भल्यासाठी आई-बाप हट्ट करतात."

"हट्ट केला असता तर तिला नाही म्हणायला जागा राहिली असती."

काकानं आता विनोद बाजूला ठेवला. त्यानं मुलाची एकेक गोष्ट मोजून सांगायला सुरुवात केली: व्यसन नाही, आवाज चढवत नाही, घर मोठं, सासू प्रेमळ. काय खोट आहे त्याच्यात, एक तरी दाखवा. आत्या ऐकत राहिली आणि तिला आठवलं, तिच्याही वेळी अशीच यादी होती. तिच्याही वेळी कुणी खोट दाखवू शकलं नव्हतं. ती इस्त्री करत होती, आणि पलीकडच्या खोलीत आबा पाहुण्यांना सांगत होते, मुलगी तयार आहे. इस्त्रीखालचा सदरा करपेपर्यंत ती तशीच उभी होती, आणि नंतर सगळे सदऱ्यावरून बोलले.

"त्याच्यात खोट नसेल," ती म्हणाली. "चांगलं कापडही माणूस नको म्हणू शकतो."

आबांनी काठी फरशीवर आपटली. आवाज म्हातारा असला तरी दुकानातला होता. "बास. ती रीत मी घातली, ती कशासाठी ते मला ठाऊक आहे. ती गिऱ्हाइकासाठी. ही आपली पोर आहे, ही काय कापड आहे का?"

वहिनीच्या चेहऱ्यावर सुटल्याची छटा उमटली. आबांचा शब्द पडला की या घरात विषय मिटतो.

आत्या खुर्चीपाशी गेली, त्यांच्या बऱ्या कानाशी वाकली. पण बोलली ती सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"कापड असती तर बरं झालं असतं, आबा. कापडाला या घरात विचारतात. परक्या बाईच्या गप्प राहण्याचं तुम्ही आयुष्यभर ओझं वाहिलंत, आम्हाला गोष्ट सांगून सांगून मोठं केलंत. ती बाई तुमच्या घरातच राहत होती. इस्त्री करत होती. तुम्ही तिला विचारलं नाहीत."

आबांचा हात काठीवर घट्ट झाला. दादा स्टुलावरून उठला.

आता बोलायचंच असेल तर तोही बोलणार होता, आणि बोलला. ती परत आली तेव्हा या घरानं दार लावून घेतलं नव्हतं. लोक काय काय म्हणाले ते त्यानं झेललं. गुंडीला मागणी घालायला येणारा प्रत्येक माणूस आधी विचारतो, घरात परत आलेली आहे म्हणे. "तुझ्यामुळे घाई करावी लागली," तो म्हणाला, "आणि तूच आडवी येतेस. इथे राहायचं असेल तर हे काम पुरं कर. नाहीतर उद्यापासून या टेबलाशी दुसरा कुणी उभा राहील."

आत्याला वाटलं होतं की हे वाक्य कधीतरी ऐकावं लागेल. इतकी वर्षं ती त्या वाक्याच्या वाटेत पाय टाकायचं चुकवत आली होती. आता ते आलं आणि त्याची भीती वाटण्याऐवजी तिला नवल वाटलं की ते गुंडीला ऐकवलेल्या वाक्याच्याच मापाचं होतं. तेच बेतणं, तोच गळा. माणूस बदलला की फक्त लांबी कमी-जास्त करायची.

"उभा कर," ती म्हणाली. "पण त्यालाही विचारावं लागेल."

"अरे, काय चाललंय तुमचं," काका वैतागून पुढे आला. दोघं भांडत बसा, रेघा तर ओढलेल्याच आहेत, सरळ रेघेवर कापायला काय अक्कल लागते, मीच कापतो. असं म्हणत त्यानं टेबलावरची कात्री उचलली.

"कात्री खाली ठेव."

हे आत्या म्हणाली नव्हती. दादा म्हणाला होता. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. चेहराही असा, की भर दुकानात कुणी गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून गेलं असावं.

"अरे पण दादा..."

"खाली ठेव म्हटलं ना. तिची आहे ती. तिला विचारल्याशिवाय तिच्या वस्तूला..."

आणि तो थांबला. वाक्य त्याच्या तोंडात अर्धं राहिलं. काकाच्या हातात कात्री तशीच. काकानं ती हळूच, मूठ आत्याकडे करून, होती तिथे ठेवली. दादा कुणाकडेच बघत नव्हता. त्याची नजर मोतिया रेशमावर गेली, तिथून इस्त्रीच्या फळीकडे, आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा ती मुलीतून आरपार न जाता मुलीवर थांबली.

गुंडीनं श्वास सोडला. आत्यानं तो ऐकला. सगळ्या घराला ऐकू जाईल इतका मोठा होता तो.

"कापू नकोस, आत्या," ती म्हणाली.

मग तिनं ते पुन्हा सांगितलं, बापाकडे वळून, शब्द सुटे सुटे ठेवून. "मला हे लग्न करायचं नाही, बाबा. आधीही नव्हतं करायचं. मी हो म्हणाले ते आई जेवावी म्हणून. मी जेवणाला हो म्हणाले होते."

वहिनी फळीचा आधार घेत म्हणाली की आता ती पाण्याचा थेंबही घेणार नाही, बघाच सगळे, घेणार नाही. हे तिचं शेवटचं अस्त्र होतं आणि ते एकदा लागू पडलेलं होतं. सगळ्यांच्या माना गुंडीकडे वळल्या. आत्यालाही क्षणभर वाटलं, पोर आता परत मोडणार.

गुंडीनं आबांच्या खुर्चीजवळच्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं. आईसमोर, टेबलाच्या कडेवर, रेशमापासून दूर ठेवलं.

"हे पाणी आहे, आई. पी किंवा पिऊ नकोस. तू आजारी पडलीस तर मी तुला दवाखान्यात नेईन, उशाशी बसेन, रात्रभर जागेन. पण त्याच्या बदल्यात लग्न करणार नाही."

"मला कुणी विचारलं होतं का?" वहिनी म्हणाली, आणि तो आवाज तिचा नेहमीचा नव्हता, कुठल्या तरी बंद खोलीतून यावा तसा होता. "मला कुणी विचारलं होतं? मी नाही केला संसार? मी मेले का?"

दादानं बायकोकडे पाहिलं.

"नाही विचारलं ना?" गुंडी म्हणाली. फारच हळू. "मग तुला तरी ठाऊक आहे."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत माया होती की संताप, हे आत्याला सांगता आलं नसतं. बहुधा दोन्ही एकाच शिवणीत होती. मग तिचा हात कमरेकडे गेला. जुडगा सुटला. तिनं तो गुंडीच्या हातात दिला नाही. पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवला आणि तोंड फिरवलं. गुंडीनं किल्ल्या उचलल्या आणि ती जिना चढून वर गेली. धावत नाही; पण एकही पायरी न रेंगाळता.

खाली उरलेल्यांत पहिला काका बोलला. उद्या ते लोक फोन करतील, पोशाखाचं विचारतील, त्यांना काय तोंड दाखवायचं. त्याला खरंच कळत नव्हतं.

"सांग, मुलीला विचारलं," आत्या म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच. त्यांनाही नवीन असेल."

उद्यापासून टेबलाशी कोण उभं राहणार, हे दादानं पुन्हा काढलं नाही. परतही घेतलं नाही. तो शिवणयंत्राकडे वळला आणि सुटीचा दिवस असूनही त्यात उगाचच दोरा ओवू लागला. दोरा सुईच्या नेढ्यातून जाईना. कुणी मदतीला गेलं नाही.

आत्यानं मऊ कुंचा घेतला आणि रेशमावरच्या रेघा झाडायला लागली. धरलेल्या श्वासाचं ते माप भुकटी होऊन टेबलाच्या कडेवरून खाली पडत होतं. एक-दोन ठिकाणी खडू खोल बसला होता, तिथे तिनं कुंचा पुन्हा पुन्हा फिरवला. वरून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग जमिनीवर बूट टाकल्याचा.

आबांनी मान उचलली. त्या गलक्यात त्यांच्यापर्यंत सगळं पोचलं नव्हतं; टेबलाकडे बघून त्यांनी दुकानातल्या आवाजात विचारलं, "कापलं का?"

"नाही, आबा. धनीण नको म्हणाली."

आबांनी त्या कोऱ्या कापडाकडे पाहिलं. त्यांचा जबडा हलत होता, जणू काही बोलायचं ते आधी चघळून मऊ करावं लागत होतं.

"मग घडी कर," ते म्हणाले.

आत्याचा कुंचा थांबला. एवढंच तर म्हणायचं होतं. इस्त्रीखालचा सदरा करपत होता, तेव्हाही पलीकडच्या खोलीत त्यांना इतकंच म्हणता आलं असतं. राग पुन्हा वर आला, आणि तिनं तो गिळला नाही. तिनं रेशमाची दोन टोकं धरली, जोरात झटकली, इतकी की उरलासुरला खडू उन्हाच्या पट्ट्यात धुरासारखा उडाला. जिन्यात गुंडीच्या बुटांचा आवाज आला तेव्हा तिची पहिली घडी पडली होती.